१८४ परार्ध ग्रह आणि पत्त्यांचे चार रंग

जुन्या अंकलिपीत मोजणी एकं, दहं, शतं, सहस्र करत परार्धापर्यंत जाते आणि तिथं संपते. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. रोजच्या व्यवहारात कोटीच्या फार पुढं जायची वेळ येत नाही, त्यामुळं खर्व, निखर्व, महापद्म हे शब्द आता पाठांतरापुरते उरले आहेत. पण ऑगस्ट २०१६ मध्ये इंग्लंडमधल्या गिल्डफर्डच्या ‘हॅलो गेम्स’ या छोट्याशा कंपनीनं ‘नो मॅन्स स्काय’ नावाचा खेळ बाजारात आणला आणि त्यातल्या ग्रहांची संख्या सांगायला परार्धही अपुरा पडला. १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६ ग्रह. म्हणजे १८४ परार्धांहून थोडे जास्तच.

असा आकडा नुसता वाचून कळत नाही, हिशेब करून पाहावा लागतो. प्रत्येक ग्रहावर फक्त एक सेकंद थांबायचं ठरवलं, झोप नाही, जेवण नाही, तरी सगळे ग्रह बघून व्हायला ५८,४०० कोटी वर्षं लागतील. आपल्या विश्वाचं वय सुमारे १,३८० कोटी वर्षं आहे. विश्व जन्मल्यापासून आजवर जेवढा काळ गेला तेवढा काळ बेचाळीस वेळा जावा लागेल. दुसरा हिशेब असा की पृथ्वीवरच्या ८०० कोटी माणसांत हे ग्रह सारखे वाटले, तर पाळण्यातल्या बाळापासून पणजीपर्यंत प्रत्येकाच्या वाट्याला २३० कोटी ग्रह येतात.

हे ग्रह कुणी हातानं घडवलेले नाहीत आणि कुठं साठवूनही ठेवलेले नाहीत. ६४ बिटांत जेवढे वेगवेगळे आकडे लिहिता येतात, तेवढे हे ग्रह: दोनाचा चौसष्टावा घात. प्रत्येक ग्रहाला एक आकडा. तुमचं यान जवळ गेलं की तो आकडा सूत्रांत घातला जातो आणि डोंगर, समुद्र, आभाळाचा रंग, गवत, प्राणी असं सगळं जागच्या जागी तयार होतं. तुम्ही निघून गेलात की ते पुसलं जातं. परत आलात तर आकडा तोच, सूत्रंही तीच, म्हणून डोंगरही त्याच जागी उभा असतो.

हा खेळ बाजारात आल्या आल्या जे घडलं ते मला ग्रहांच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं. इतक्या अफाट पसाऱ्यात दोन खेळाडूंची गाठ पडणं जवळजवळ अशक्यच आहे, असं बनवणाऱ्यांनी आधीपासून सांगितलं होतं. तरीही एक-दोन दिवसांतच दोन खेळाडूंना कळलं की आपण एकाच ग्रहाजवळ आहोत. ते दोघं ठरवून एकाच ठिकाणी गेले, एकाच जागी उभे राहिले आणि एकमेकांना दिसलेच नाहीत. १८४ परार्ध ग्रह बनवून झाले होते, पण समोरचा माणूस दिसेल अशी सोय झाली नव्हती. खेळाडूंचा संताप उसळला. खऱ्या अर्थानं एकत्र खेळता येण्यासाठी जुलै २०१८ उजाडावा लागला. दरम्यान शेकडो खेळाडूंनी आपणहून एक भाग ठरवला, त्याला ‘गॅलॅक्टिक हब’ नाव दिलं आणि तिथं घरं बांधायला सुरुवात केली. प्रत्येकाला कोट्यवधी ग्रह मोकळे असताना माणसं एकमेकांच्या शेजारी राहायला गेली.

आभासी जगात माणसं कशासाठी येतात, हा प्रश्न या खेळाहून बराच जुना आहे. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्यानं ‘मड’ नावाचं जग लिहायला घेतलं आणि त्याचा सहकारी रिचर्ड बार्टल यानं ते पुढं नेलं. त्यात चित्रं नव्हती. समोर काय आहे ते पडद्यावर वाक्यांत उमटायचं, आणि कुठं जायचं, काय उचलायचं ते आपण टाइप करायचं. पुढं १९८९-९० मध्ये अशाच एका जगातल्या मुरलेल्या खेळाडूंमध्ये वाद पेटला की लोकांना इथून हवंय तरी काय. काही महिने चाललेल्या त्या वादातून बार्टलनं जे टिपलं त्यावर १९९६ मध्ये एक निबंध लिहिला. खेळ बनवणारे आजही तो वाचतात.

त्यानं खेळाडूंना पत्त्यांचे चार रंग दिले. चौकटवाले मिळवायला येतात: गुण, संपत्ती, वरची पायरी. इस्पिकवाल्यांना जग धुंडाळायचं असतं, त्याचे कानेकोपरे आणि नियम समजून घ्यायचे असतात. बदामवाले माणसांसाठी येतात, खेळ त्यांना गप्पांपुरता पुरतो. किलवरवाल्यांना दुसऱ्यावर जोर चालवून बघायचा असतो. बार्टलनं वर्गवारी करून सोडून दिली नाही. एका रंगाची संख्या वाढली की दुसऱ्यांवर काय परिणाम होतो, हेही त्यानं मांडलं. किलवरवाले वाढले की बदामवाले पळतात आणि बदामवाले गेले की जग ओस पडत जातं. इस्पिकवाल्यांना मात्र कुणी आलं-गेलं तरी फारसा फरक पडत नाही. हे एखाद्या जंगलातल्या वाघ-हरणांच्या संख्येसारखं गणित आहे, आणि ते ग्रहांच्या संख्येपेक्षा खूप अवघड आहे.

हे रंग एकाच वेळी उघड्यावर आले ते १३ सप्टेंबर २००५ ला, ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये. पुढं २०१० मध्ये या जगाचे वर्गणीदार १ कोटी २० लाखांवर गेले. २००५ च्या त्या दिवशी त्यात एक नवं मंदिर उघडलं होतं आणि तिथला राक्षस खेळाडूंना एक संसर्ग देत असे. तो मंदिराबाहेर जाऊ नये अशी योजना होती. पण शिकारी खेळाडूंचे पाळीव प्राणी संसर्ग घेऊन बाहेर आले आणि शहरांत साथ पसरली. दुकानदारांसारखी संगणकानं चालवलेली पात्रं मरत नव्हती, पण रोग पसरवत होती. दुबळे खेळाडू काही क्षणांत मरायचे आणि चौकांत सांगाड्यांचे ढीग पडायचे. ज्यांच्या अंगी बरं करण्याची ताकद होती ते मदतीला धावले, काही जण फक्त काय चाललंय ते बघायला गेले आणि स्वतः संसर्ग घेऊन परतले, काहींनी मुद्दाम गर्दीत शिरून तो वाटला. कंपनीनं विलगीकरण करून पाहिलं, ते कुणी पाळलं नाही. अखेर खेळच दुरुस्त करावा लागला. एरिक लॉफग्रेन आणि नीना फेफरमन या दोन संशोधकांनी २००७ मध्ये ‘लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस’ या नियतकालिकात या साथीवर लेख लिहिला. ‘नुसतं बघायला’ जाणारी माणसं साथीच्या गणिती नमुन्यांत धरलेली नसतात, हा त्यातला मुद्दा २०२० नंतर वाचला की अंगावर काटा येतो.

इस्पिकवाल्यांसाठी बनवलेलं आणखी एक अफाट जग म्हणजे ‘एलिट डेंजरस’. त्याची पूर्वपीठिका सांगायलाच हवी. १९८४ मध्ये केंब्रिजच्या डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल या दोन विद्यार्थ्यांनी ‘एलिट’ हा खेळ बनवला. ज्या संगणकावर तो चालायचा त्याची स्मृती ३२ किलोबाइट. आज मोबाइलवर येणारा एक साधा फोटो त्याहून कितीतरी मोठा असतो. तेवढ्यात त्यांनी आठ दीर्घिका बसवल्या, प्रत्येकीत २५६ ग्रह. खरं तर सूत्रांच्या जोरावर २८,१४,७४,९७,६७,१०,६५६ दीर्घिका करता येत होत्या आणि त्यांना त्या करायच्याही होत्या. प्रकाशकानं नको म्हटलं. एवढ्या दीर्घिका दिल्या तर सगळं एकसारखंच आहे हे खेळाडूंच्या लक्षात येईल, असं त्याचं म्हणणं होतं. मला तो निर्णय या क्षेत्रातल्या फार शहाण्या निर्णयांपैकी एक वाटतो.

डिसेंबर २०१४ मध्ये त्याच ब्रेबनच्या कंपनीनं ‘एलिट डेंजरस’ आणला. त्यात आपली आकाशगंगा मूळ आकारात आहे: सुमारे ४०,००० कोटी तारे आणि त्यांचे ग्रह. पहिल्या पाच वर्षांत लाखो खेळाडूंनी मिळून त्यातले ०.०५ टक्केसुद्धा तारे पाहिले नव्हते. इथं एकटेपणा हाच आनंद आहे. जिथं आजवर कुणी गेलेलं नाही अशा ताऱ्यापाशी आपण पहिले पोचलो की त्यावर आपलं नाव लागतं. पण एका ताऱ्यापासून दुसऱ्याकडं उडी मारायला इंधन लागतं, सगळ्याच ताऱ्यांजवळ ते भरता येत नाही, आणि हिशेब चुकला की यान बंद पडतं. हाताशी उरतो काही मिनिटांचा प्राणवायू.

अशा अडकलेल्यांसाठी २०१५ मध्ये खेळाडूंनीच एक पथक उभं केलं, ‘फ्युएल रॅट्स’. तुम्ही खेळातून बाहेर पडायचं म्हणजे प्राणवायूचं घड्याळ थांबतं, त्यांच्या चॅटवर हाक द्यायची, कुठं आहात ते सांगायचं. जो स्वयंसेवक सगळ्यांत जवळ असेल तो निघतो. कधी पाच मिनिटांत पोचतो, कधी हजारो प्रकाशवर्षं कापायला कित्येक तास घालवतो. येऊन इंधन देतो आणि पैसे घेत नाही. खेळानं या कामाला गुण ठेवलेले नाहीत, बक्षीसही नाही. त्यांनी सोडवलेल्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली आहे. धुंडाळायला निघालेल्यांच्या जगात बदामवाल्यांनी आपली जागा अशी शोधली.

आकाराच्या बाबतीत ठोकळ्यांनी रचलेलं ‘माइनक्राफ्ट’चं जग या दीर्घिकांपुढं लहान म्हणायचं, तरी त्याचा पाया ६ कोटी मीटर लांब आणि तेवढाच रुंद आहे. क्षेत्रफळ ३६० कोटी चौरस किलोमीटर, पृथ्वीच्या एकूण पृष्ठभागाच्या सातपट. आपला महाराष्ट्र त्यात ११ हजारांहून जास्त वेळा मावेल. मधोमध उभं राहून सरळ चालत सुटलं, कुठंही न थांबता, तर काठ यायला ऐंशी दिवस लागतात. आणि हे एक जग झालं. सुरुवातीला जो आकडा द्यायचा तोही ६४ बिटांचा, म्हणजे अशी जगं निवडायला पुन्हा तोच १८४ परार्धांचा आकडा.

पण ३० कोटींहून जास्त प्रती खपलेला हा खेळ मुलं काठाकडं चालत जायला घेत नाहीत. ती पहिल्या टेकडीपाशी थांबतात आणि घर बांधतात. बार्टलच्या चार रंगांत बांधणारा नीट बसत नाही, असं माझं मत आहे. तो काही मिळवत नसतो, शोधत नसतो, कुणावर जोर चालवत नसतो. आपल्या हातचं काही तरी उभं राहावं एवढंच त्याला हवं असतं. पत्त्यांत नसलेला हा पाचवा रंग ‘माइनक्राफ्ट’नं जगाला दाखवला.

या बांधणाऱ्यांचे आकडेही थक्क करणारे आहेत. २०१४ मध्ये डेन्मार्कच्या सरकारी भूमापन खात्यानं शाळांसाठी आपला अख्खा देश, ४३,००० चौरस किलोमीटर, घरं-रस्त्यांसकट एकास एक प्रमाणात ‘माइनक्राफ्ट’मध्ये मांडला. त्याला ४ लाख कोटी ठोकळे लागले. देश खुला झाल्यावर काही आठवड्यांतच किलवरवाले पोचले. खात्यानं सुरुंग बंद ठेवले होते, तर त्यांनी सुरुंग भरलेल्या खाणगाड्यांची पळवाट शोधली, काही इमारती उडवल्या आणि तिथं अमेरिकेचे झेंडे रोवले. नुकसान देशाच्या मानानं किरकोळ होतं, पण बार्टलचं गणित किती पक्कं आहे ते दिसलं.

याच ठोकळ्यांतून १२ मार्च २०२० रोजी एक ग्रंथालय उभं राहिलं. ‘रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेनं ते बांधून घेतलं: १ कोटी २५ लाख ठोकळे आणि १६ देशांतले २४ जण. इजिप्त, मेक्सिको, रशिया, सौदी अरेबिया, व्हिएतनाम या देशांतल्या पत्रकारांचं दडपलेलं लेखन त्यातल्या पुस्तकांत ठेवलं आहे. खून झालेले सौदी पत्रकार जमाल खाशोगी यांचे लेखही तिथं आहेत. जिथं वृत्तपत्रांची संकेतस्थळं बंद केली जातात तिथं ‘माइनक्राफ्ट’ चालू असतो, म्हणून ही जागा. संयुक्त राष्ट्रांच्या वसाहतविषयक संस्थेनं २०१२ पासून याच खेळाचा वापर करून अनेक शहरांतल्या रहिवाशांकडून त्यांच्या मैदानांचे, चौकांचे आराखडे करवून घेतले. त्या शहरांत मुंबईही आहे.

आता गर्दीकडं वळू. २३ एप्रिल २०२० ला ‘फोर्टनाइट’ या खेळात ट्रॅव्हिस स्कॉट या गायकाचा कार्यक्रम झाला तेव्हा १ कोटी २३ लाख लोक एका वेळी हजर होते. जून २०२५ मध्ये ‘रोब्लॉक्स’ या खेळांच्या मंचावरच्या ‘ग्रो अ गार्डन’ या खेळात एका क्षणी २ कोटी १० लाखांहून जास्त लोक होते. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. म्हणजे दीड मुंबईहून जास्त माणसं एकाच वेळी, आणि करत काय होती? बी पेरायचं, पीक येण्याची वाट बघायची, विकायचं, नवं बी आणायचं. लढाई नाही, शर्यत नाही. मोबाइल बाजूला ठेवला तरी रोपं वाढत राहतात. या खेळाचं पहिलं रूप एका सोळा वर्षांच्या मुलानं काही दिवसांत तयार केलं होतं. ज्यांनी वर्षानुवर्षं स्फोट आणि बंदुका विकल्या त्यांनी हा आकडा समोर ठेवून विचार करावा.

मात्र या गर्दीच्या आकड्यात एक गोष्ट दडलेली असते. हे दोन कोटी लोक एकमेकांना दिसत नाहीत. जगाच्या लाखो प्रती एकाच वेळी चालू असतात आणि प्रत्येक प्रतीत मोजकीच माणसं असतात. ‘फोर्टनाइट’चा कार्यक्रमही असाच तुकड्यातुकड्यांत झाला. सगळे खरोखर एकाच जागी असलेलं जग पाहायचं तर आइसलँडला जावं लागतं.

रेक्याविकच्या ‘सीसीपी’ या कंपनीचा ‘ईव्ह ऑनलाइन’ मे २००३ पासून चालू आहे. ७,८०० हून जास्त सूर्यमाला, आणि चीन सोडून जगभरच्या खेळाडूंसाठी त्यांची एकच प्रत. इथं कुणी काही नष्ट केलं तर ते सगळ्यांसाठी नष्ट होतं. २०१३ मध्ये वर्गणीदार पाच लाखांवर गेले, तेव्हा आइसलँडची लोकसंख्या सव्वातीन लाखांच्या आसपास होती. २००७ मध्ये कंपनीनं या जगाच्या बाजारपेठेवर लक्ष ठेवायला एक पूर्णवेळ अर्थशास्त्रज्ञ नेमला, कारण यानं, खनिजं, कारखाने सगळं खेळाडूच बनवतात आणि विकतात. मिळवणारे, गप्पा मारणारे, धुंडाळणारे आणि मारणारे हे चौघं इथं एकमेकांवाचून जगूच शकत नाहीत. लढणाऱ्याला यान हवं, यान बनवणाऱ्याला खनिज हवं, खनिजवाल्याला संरक्षण हवं.

२७ जानेवारी २०१४ रोजी इथल्या एका सूर्यमालेच्या ताब्याचं ठरावीक देणं एका आघाडीकडून भरायचं राहिलं. ताबा सुटला, शत्रू चालून आला आणि लढाई २१ तास चालली. ७,५४८ खेळाडूंनी भाग घेतला. इतक्या जणांचा हिशेब एकाच वेळी सर्व्हरला झेपेना, म्हणून त्या भागातला काळच दहापट हळू करण्यात आला. एका जागी एवढी माणसं धरून ठेवायची तर हीच किंमत मोजावी लागते. ‘टायटन’ नावाची सगळ्यांत मोठी ७५ यानं नष्ट झाली. ती बांधायला कित्येक जणांचं महिनोन्‌महिन्यांचं काम लागलं होतं. नुकसानाची किंमत खऱ्या पैशांत सुमारे ३ लाख डॉलर काढण्यात आली, तेव्हाच्या दरानं पावणेदोन कोटी रुपयांहून जास्त. ऑक्टोबर २०२० मध्ये तर एकाच लढाईत एका वेळी ६,५५७ खेळाडू समोरासमोर होते. ‘फोर्टनाइट’चे १ कोटी २३ लाख आणि हे ६,५५७ यांत मला दुसरी गर्दी मोठी वाटते.

त्याच ‘ईव्ह’च्या खेळाडूंनी लढायांच्या मधल्या वेळात आणखी एक काम केलं. मानवी पेशींत कुठलं प्रथिन कुठं असतं, हे सूक्ष्मदर्शकाची चित्रं बघून ओळखायचं काम २०१६ मध्ये खेळातच ठेवण्यात आलं. ३ लाख २२ हजार खेळाडूंनी जवळपास ३ कोटी ३० लाख वेळा चित्रांची वर्गवारी केली आणि त्यावरचा शोधनिबंध २०१८ मध्ये ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’त आला.

उलट टोकाचं उदाहरण थोडक्यात. ‘डिसेंट्रलँड’ या जगात जमीन मुद्दाम मोजकी ठेवली: ९०,६०१ भूखंड. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिथल्या ११६ भूखंडांच्या एका तुकड्याला २४ लाख डॉलर मिळाले. वर्षभरात तिथं रोज येतं तरी कोण, असा प्रश्न उभा राहिला. चालवणाऱ्यांनी स्वतः सांगितलेला आकडा रोजचे सुमारे ८,००० लोक एवढाच होता. फेसबुकनं २०२१ मध्ये नाव बदलून ‘मेटा’ केलं आणि त्यांच्या आभासी जगाच्या विभागाला २०२२ या एका वर्षात १,३७० कोटी डॉलरचा तोटा झाला. जमीन, पैसा, तंत्र हे सगळं आधी आणि माणसं मागून येतील, हा क्रमच मला चुकीचा वाटतो.

माणसं आधी, हा क्रम ज्यांनी धरला त्यांत ‘सेकंड लाइफ’चं नाव घ्यावं लागेल. जून २००३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘लिंडन लॅब’नं सुरू केलेल्या या जगात जिंकायचं काहीच नाही. घर, कपडे, चेहरा, व्यवसाय सगळं रहिवाशांनी बनवायचं. पहिल्या दहा वर्षांत तिथं ३ कोटी ६० लाख खाती उघडली गेली, ३२० कोटी डॉलरची उलाढाल झाली आणि सगळ्यांनी मिळून घालवलेला वेळ भरला २ लाख १७ हजार वर्षं. पण या जगातला मला सगळ्यांत मोलाचा वाटणारा आकडा नऊ आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये एका केंद्रात येणाऱ्या, सेरेब्रल पाल्सी असलेल्या नऊ प्रौढ व्यक्तींनी २००४ च्या सुमारास तिथं मिळून एकच देह घेतला, ‘वाइल्ड कनिंगहॅम’ या नावानं. कुठं जायचं, काय बोलायचं, काय घालायचं हे नऊ जण मिळून ठरवायचे आणि त्यांची मदतनीस ते टाइप करायची. आयुष्यभर चाकाच्या खुर्चीत बसलेले नऊ जण त्या एका देहानं चालले आणि उडालेही.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या कोट्यवधी खेळाडूंत नॉर्वेचा मॅट्स स्टीन होता. स्नायू झिजत जाणाऱ्या ड्युशेन या आजारानं नोव्हेंबर २०१४ मध्ये, पंचविसाव्या वर्षी तो गेला. शेवटच्या दहा वर्षांत त्यानं पंधरा ते वीस हजार तास खेळात काढले होते. मुलगा एकटा राहिला, त्याला मित्र मिळाले नाहीत, प्रेम मिळालं नाही, याचं आई-वडिलांना दुःख होतं. वडील रॉबर्ट यांनी मुलाच्या ब्लॉगवर त्याच्या मृत्यूची बातमी लिहिली आणि अनोळखी माणसांची पत्रं येऊ लागली. त्या जगात मॅट्स ‘इबेलिन’ होता, सुमारे तीस जणांच्या एका मंडळाचा सदस्य. कुणाच्या मोडलेल्या घराची कहाणी त्यानं रात्र-रात्र ऐकली होती, कुणा आईला तिच्या मुलाशी बोलायचा मार्ग दाखवला होता. अंत्यविधीला युरोपातल्या वेगवेगळ्या देशांतून त्याचे हे सोबती आले. त्याच्यावरचा बेंजामिन री यांचा माहितीपट २०२४ मध्ये आला. खेळातल्या संभाषणांची हजारो पानं उरली होती, म्हणून तो करता आला. १ कोटी २० लाख लोकांच्या त्या जगात मॅट्सला लागले तीस.

ही जगं निर्धोक नाहीत. २०२५ मध्ये ‘रोब्लॉक्स’वर रोज ११ कोटींहून जास्त लोक येत होते, त्यांत लहान मुलं फार मोठ्या संख्येनं आहेत आणि मुलांना जाळ्यात ओढणारी मोठी माणसंही तिथं पोचतात. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या लुइझियाना राज्यानं याच कारणावरून कंपनीवर दावा लावला. मूल तिथं खेळत असेल तर पालकांसाठीच्या सेटिंग आजच उघडा, अनोळखी माणसांशी चॅट बंद करा आणि ते का बंद केलं हे मुलाला समजावून सांगा.

मग त्याच्या शेजारी बसा. ‘किती वेळ झाला?’ हा प्रश्न आपण विचारतोच, तो विचारायला हवाही. त्याच्याबरोबर हेही विचारा: तू तिथं नेमकं काय करतोस, बांधतोस की शोधतोस की लढतोस? तुझ्याबरोबर कोण असतं? दोन दिवस गेला नाहीस तर कुणाच्या लक्षात येईल? उत्तरात जी नावं येतील ती लिहून ठेवा. रॉबर्ट स्टीन यांना ही नावं मुलगा गेल्यावर कळली. तुम्ही आजच विचारून घ्या.